भागीचा आकडा

सकाळी सहा वाजता खडबडांक जाहीर होतो आणि सहा वाजून एक मिनिटाने बापू विचारतात, "भागीचा किती आला?"

माझा विचारत नाहीत. मी त्यांच्यासमोर चहा घेऊन बसलेली असते, हातातल्या पडद्यावर दोन्ही आकडे असतात, आणि त्यांना फक्त धाकटीचा हवा असतो. शून्य पूर्णांक नऊ, मी सांगते. ते मान हलवतात, काठी आणि चुन्याचा डबा उचलतात आणि फिरायला निघून जातात. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

खडबडांक समजायला सोपा आहे. गाडी एक किलोमीटर गेली की तिच्या चाकावरची स्प्रिंग एकूण किती वर-खाली झाली, त्याची बेरीज करायची. बेरीज एक मीटर आली तर कपातला चहा हलत नाही. तीन आली तर बशीत सांडतो. सहाच्या पुढे चहा घेऊच नये. पूर्वी हे मोजायला वर्षातून एकदा खास गाडी यायची. आता मालमार्गिकेवरचा प्रत्येक चालकविरहित ट्रक ते धावता धावता मोजतो आणि मार्गिका मंडळाला कळवतो.

नांदेडहून हैदराबादकडे जाणारी ही मार्गिका देगलूरच्या पुढे राज्याची सीमा ओलांडते. अलीकडचे एक्केचाळीस किलोमीटर मंडळाच्या पश्चिम विभागाचे. तिथली अभियंता मी, उज्ज्वला सोनकांबळे. पलीकडचे अडतीस पूर्व विभागाचे. तिथली अभियंता माझी धाकटी बहीण भाग्यश्री. माझा आकडा दोन पूर्णांक तीनच्या आसपास असे, तिचा एकच्या खाली.

चालक नसला तरी ट्रकला आवडनिवड असते. गुळगुळीत रस्त्यावर टायर कमी झिजतात, बॅटरी जास्त पुरते, म्हणून चार्जिंगला आणि तपासणीला कुठे थांबायचं याचा हिशेब ट्रक खडबडांकावरून करतो. तो हिशेब नेहमी सीमेपलीकडे जाई. शीतगृहं तिकडे गेली. वर्कशॉप तिकडे गेली. आमच्या बाजूची टायरची दुकानंसुद्धा एकेक करून सीमेच्या दगडापलीकडे सरकली आणि मराठी पाटीखाली तेलुगू पाटी लावून बसली. देगलूरच्या बाजारात मेथी घेताना भाजीवाली सहज म्हणायची, "म्याडम, बहिणीकडून एकदा शिकून तरी या की." मी हसायची. घरी येऊन मेथी निवडताना मात्र देठांसोबत बरीच पानंही तोडून टाकायची.

कारण शिकायचं असलं, तर भागी माझ्याकडून शिकली होती.

डांबर म्हातारं होतं. ऊन आणि हवा त्यातला तेलकट भाग हळूहळू खाऊन टाकतात, मग ते जुन्या रबरासारखं कडक होतं आणि चिरतं. एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी साबुदाण्याएवढे मणी बनवले होते. बाहेरून समुद्री शेवाळाच्या खळीचं कवच, आत करंजाचं तेल. हे मणी डांबरात मिसळायचे. चीर मण्यापर्यंत पोचली की मणी फुटतो, तेल आजूबाजूचं डांबर मऊ करतं आणि दुपारच्या उन्हात चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींत मिसळून जातात. संध्याकाळी बघाल तर तिथे काही झालंच नव्हतं.

माझ्या विभागाने तो प्रस्ताव तीन वेळा अधिक अभ्यासासाठी परत पाठवला. भागी तेव्हा पलीकडे नुकतीच नोकरीला लागली होती. प्रबंध पाठव म्हणाली, मी पाठवला. मोठी बहीण होते, मीच पाठवणार. दोन वर्षांत तिचा अडतीस किलोमीटरचा रस्ता तयार झाला. उद्घाटनाला मी पहिल्या रांगेत बसले होते. भाषणात तिने माझं नाव घेतलं, पण टाळ्या सुरू झाल्यावर.

तेव्हापासून मी तिच्या रस्त्याचे दोष शोधू लागले. हे मी अभिमानाने सांगत नाही, नोंद म्हणून सांगते आहे. साइडपट्टीचा उतार कमी, पांढरी पट्टी चार सेंटिमीटर सरकलेली, गटाराच्या जाळीचं माप चुकलेलं. मंडळाच्या प्रणालीत मी तिच्याविरुद्ध सोळा तक्रारी नोंदवल्या. सगळ्या तपशिलाने अचूक होत्या, आणि एकीचीही गरज नव्हती.

त्या सप्टेंबरात मंडळाने दोन्ही विभागांची लावलेली दोन वर्षांची चाचणी संपायची होती. तीस तारखेला गुणांची बेरीज होणार आणि जो विभाग वर येईल त्यात दुसरा विलीन होणार. निम्मे गुण गुळगुळीतपणाला होते, निम्मे मार्ग एकही दिवस बंद न ठेवण्याला. पहिल्या निम्म्यात मी मागे होते. दुसऱ्यात भागीचे सुरुवातीचे काही दिवस बुडाले होते, माझा एकही नव्हता. भेगा हाताने भरून, गँगबरोबर उन्हात उभं राहून, सातशेहून अधिक दिवस मी रस्ता चालू ठेवला होता. सव्वीस तारखेला मी तीन गुणांनी पुढे होते. एक दिवस रस्ता बंद पडला तर दहा गुण जातात.

म्हणजे चार दिवस काही झालं नाही, तर भागी माझ्या हाताखाली येणार होती. झालं, तर मी तिच्या.

सव्वीसच्या सकाळी मी कार्यालयात रस्ता ऐकत होते. नव्या मिश्रणाला मंजुरी नाही म्हटल्यावर मी हा दुसरा मार्ग काढला होता. रस्त्याकडेने इंटरनेटची जी काचतंतूची केबल जाते, तिच्यातला एक तंतू रिकामा होता. त्यात प्रकाशाचा ठोका सोडला की काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून तो थोडा थोडा परत येतो. केबल जराशी ताणली गेली तरी परतणारा प्रकाश बदलतो. ट्रक गेला की जमीन थरथरते, केबल ताणली जाते. त्यामुळे दर दहा मीटरला जमिनीत एक कान पुरल्यासारखं होतं. केबलला राज्याची सीमा माहीत नसते. माझे कान पलीकडेही काही किलोमीटर ऐकत.

घट्ट जमिनीत ट्रकची थरथर अर्ध्या सेकंदात विरते. सीमेच्या दगडापासून पूर्वेला तीनशे चाळीस मीटरवर ती दीड सेकंद टिकत होती, आणि तिचा सूर खाली उतरला होता. माठ घेताना टिचकी मारून बघतात, तसा. खाली पोकळी होती.

मला आधी आनंद झाला. तो किती वेळ टिकला हेही मला ठाऊक आहे, कारण समोर घड्याळ होतं. चार मिनिटं.

मग मी पूर्व विभागाचे आकडे उघडले. त्या जागचा खडबडांक शून्य पूर्णांक आठ, अख्ख्या मार्गिकेत सर्वांत चांगला. वर खड्डा नाही, भेग नाही. ते कसं, हे जगात माझ्याइतकं कोणालाच कळलं नसतं. खालची माती वाहून गेली की वरचा थर आधाराशिवाय वाकतो आणि चीर तळातून वर येते. साध्या रस्त्यावर ती आठवडाभरात दिसते आणि आपण धावत जातो. इथे मणी फुटत होते, तेल पाझरत होतं, रोज दुपारी चीर मिटत होती. चुना घालून घट्ट केलेला मधला थर पोकळीवर फळीसारखा तरला होता, म्हणून खोलगटपणाही नव्हता. फळी मोडेपर्यंत तो येणारही नव्हता. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर, मर्यादांमध्ये, मी एक वाक्य लिहिलं होतं: "तळातून येणाऱ्या चिरा या पद्धतीत झाकल्या जाण्याची शक्यता नाकारता येत नाही." परीक्षकांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नव्हता.

मी भागीला फोन लावला. सगळं क्रमाने सांगितलं. तिने मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "अक्का, ही सतरावी."

ही तशी नाही, मी म्हणाले.

"चार दिवस राहिलेत म्हणून तशी नाही?" तिचा आवाज शांत होता. बंद खोलीत चार माणसांसमोर बोलावं तसा. "माझा सगळ्यात चांगला किलोमीटर तुला पोकळ ऐकू येतोय. तीस तारीख होऊ दे. एक तारखेला मी स्वतः खणून दाखवते."

मंडळाकडे लिहिलं तर उत्तर तासाभरात आलं. जमिनीखालचं रडार फक्त त्या हद्दीच्या अभियंत्याच्या मागणीवरून मिळतं. पत्रावर प्रणालीने आपणहून शेरा मारला होता: आंतरविभागीय तक्रार, प्राधान्य शेवटचं. माझ्या सोळा पत्रांनी मला तिथे नेऊन ठेवलं होतं.

दुपारी जेवताना मी बापूंना सांगितलं. बापू बांधकाम खात्यात मैलकुली होते. सीमेच्या दगडापर्यंतचे चार किलोमीटर त्यांच्याकडे होते. पावसाळ्यात चर काढायचे, खड्ड्यात खडी भरायची, झाडांना गेरू-चुना लावायचा. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना ते चुन्याची आडवी रेघ मारत. आठ दिवसांनी भेग रेघेच्या पुढे गेली असली तर साहेबाला सांगायचं, नसली तर भरून टाकायची. निवृत्तीनंतरही डबा सुटला नव्हता.

त्यांनी घास खाली ठेवला. "दगडाच्या पल्याड, बाभळीपाशी? तिथं मोरी व्हती की. दगडी. तुमी दोघी तिच्यात बसून भाकर खायच्या. सावली म्हणून."

मला आठवलं. गार दगड, ओल्या मातीचा वास, आणि आत आवाज घुमतो म्हणून भागी मुद्दाम ओरडायची. रस्ता उंच केला तेव्हा ती मोरी मुरूम भरून बुजवली होती. नकाशावर 'भरली' एवढंच लिहिलं होतं. पण पाण्याला नकाशा वाचता येत नाही. ते जुन्याच वाटेने येत राहिलं असणार.

"चल, बघून येऊ," बापू म्हणाले.

जागेवर काहीच नव्हतं. काळाभोर, सपाट, देखणा रस्ता. बापू वाकून दहा पावलं इकडे गेले, दहा तिकडे. डबा हातातच राहिला. "चुना कुठं मारू?" ते म्हणाले. "भेगच न्हाई."

मग ते बांधावरून खाली उतरले. मला वाटलं पाय घसरेल, म्हणून मागोमाग गेले. पलीकडचं रान कापसाचं, काळ्या मातीचं. त्या काळ्या मातीत, रस्त्याच्या पायथ्यापासून पंखा पसरावा तसा लाल मुरूम पसरला होता. ओला, ताजा, कापसाच्या तिसऱ्या सरीपर्यंत. मोरीच्या पोटातला मुरूम पावसाने धुऊन रानात आणून टाकला होता.

मी फोटो काढून भागीला पाठवला. वीस मिनिटांनी उत्तर आलं. "मुरूम कुठूनही येतो. बापूंना यात ओढू नकोस."

तेवढ्यात देगलूरहून पलीकडे जाणारी बस आमच्या डोक्यावरून गेली. दुपारच्या वर्गाला जाणाऱ्या कॉलेजच्या पोरी खिडक्यांतून दिसत होत्या. एक जण काजळ लावत होती. आमच्या एक्केचाळीस किलोमीटरवर तिने ते लावलं नसतं. बस गेल्यावर बांधाच्या आतून एक आवाज आला, भांड्यात भांडं ठेवल्यासारखा. बापूंनी माझ्याकडे बघितलं.

मला पलीकडचा रस्ता बंद करण्याचा अधिकार नव्हता. माझा होता. मार्गिका एका जागी तुटली की दोन्हीकडचे ट्रक आपापल्या थांब्यावर थबकतात, सीमेवरचा अडसर पडतो आणि बसगाड्या जुन्या गावरस्त्याने वळवल्या जातात. फक्त प्रणाली कारण विचारते, आणि कारणांच्या यादीत 'शेजाऱ्याच्या हद्दीत धोका' असं काही नव्हतं. होतं ते एवढंच: 'स्वतःच्या हद्दीत पायाबद्दल संशय'.

मी आयुष्यात खोटा आकडा लिहिलेला नाही. प्रयोगशाळेत तिसरा दशांश जुळला नाही म्हणून रात्ररात्र प्रयोग पुन्हा केलेली बाई आहे मी. बांधावर उभी राहून मी बोट पडद्यावर धरलं आणि मनात काय काय आलं, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एक लिहिते. फळी कदाचित चार दिवस टिकेल, असंही आलं. ट्रकांचा एक तांडा गेला. पुढचा यायला अकरा मिनिटं होती. मी ते कारण निवडलं आणि खाली सही केली.

दूरवर अडसर पडल्याचं घंटीवरून कळलं. मग इतकं शांत झालं की कापसातले पक्षी ऐकू आले.

पाऊण तासात भागीची गाडी आली. ती उतरली तीच बोलत. तिच्या थांब्यावर दीडशे ट्रक उभे होते, मंडळाचे लोक तिच्या कार्यालयात बसलेले होते, आणि माझ्या हद्दीत पाया खचल्याचं तिला पडद्यावरून कळलं होतं. मग मी उभी तिच्या हद्दीत का? बापूंना या वयात उन्हात का आणलं? आणि मग, जरा थांबून, जे तिला खरंच विचारायचं होतं ते विचारलं.

"अक्का, माझं पहिलं येणं तुला एवढं सलतं?"

"सलतं," मी म्हणाले. "रोज सकाळी सहाला सलतं. आता ही पहार घे."

पहार गाडीत नेहमी असते, मैलकुल्याच्या पोरी आहोत. तिने ती घेतली, केवळ मला खोटं पाडायला. बाभळीच्या समोर, रस्त्याच्या काठावर, डांबर जिथे पातळ असतं तिथे तिने दोन्ही हातांनी उचलून मारली. पहिल्या घावाला टवका उडाला. दुसऱ्याला पहार वीतभर रुतली. तिसऱ्याला ती थांबलीच नाही. भागीच्या हातातून सुटून ती सरळ खाली गेली, आणि आपण ऐकणं विसरलो असं वाटेपर्यंत वेळ गेल्यावर खालून पाण्याचा आवाज आला.

भागी त्या मनगटाएवढ्या भोकाकडे बघत उभी राहिली. मग गुडघ्यांवर बसली, तोंड भोकाशी नेलं आणि हलक्या आवाजात "ओ" म्हणाली. तिचा आवाज मोठा होऊन परत आला. लहानपणी यायचा तसाच.

"बापू, मागं सरा," ती म्हणाली. उठताना तिने माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताने पडद्यावर आपला रस्ता बंद केला.

तीन दिवसांनी, कोणीच वर नसताना, तिथला नऊ मीटरचा तुकडा खाली बसला. तीस तारखेला बेरीज झाली. भागीचेही बंदच्या दिवसांचे गुण गेले होते, पण धोका वेळीच ओळखल्याबद्दल मंडळाने ते परत दिले. माझे देता आले नाहीत, कारण माझ्या हद्दीत धोका नव्हता. चौकशीत मी तेच सांगितलं. चुकीच्या कारणाची नोंद माझ्या सेवापुस्तकात आहे, आणि ती बरोबर आहे. पश्चिम विभाग पूर्वेत विलीन झाला. भागी माझी वरिष्ठ झाली. मंडळासमोर तिने माझ्यासाठी अर्धा तास भांडण केलं, असं मला तिथल्या शिपायाकडून कळलं. तिने स्वतः सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला आवडलं नसतं, हे तिला माहीत आहे.

त्या हिवाळ्यात आम्ही मण्यांचं नवं मिश्रण केलं. तेलात थोडा पिवळा रंग घातला. आता चीर मिटते, पण मिटल्या जागी बारीक पिवळी रेघ उरते. एकच रेघ पुन्हा पुन्हा गडद होत गेली की समजायचं, दुखणं खाली आहे. शोधनिबंधावर आम्हा दोघींची नावं आहेत. तिचं आधी. वर्णक्रमाने उ आधी येतो, पण मंडळ पदक्रमाने छापतं. मला ते सललं. मी तिला तसं फोन करून सांगितलं. "हे बरं केलंस," ती म्हणाली, "आता अठरावी कागदावर नको लिहूस." आम्ही दोघी बऱ्याच दिवसांनी हसलो.

आता माझ्या एक्केचाळीस किलोमीटरवरही तोच थर आहे. पहिल्याच सकाळी सहा वाजता माझा आकडा एक आला, बरोबर एक. मी चहा ओतला. कपाला हात लावला नाही. सहा वाजून एक मिनिट झालं.

"भागीचा किती आला?"

मी पडदा खाली ठेवला. पन्नाशीजवळ आलेल्या बाईने हे विचारू नये, पण विचारलं. म्हणाले, बापू, तुम्ही माझा कधीच का विचारत नाही?

त्यांना प्रश्नच कळला नाही. काठी शोधता शोधता ते थांबले.

"तुझा कशाला विचारू?" ते म्हणाले. "तुझ्यावरून मी रोज चालतो. तिच्यापर्यंत माझे पाय पोचत न्हाईत."

डबा घेऊन ते बाहेर पडले. उंबऱ्यापासून आवाज आला, "सांगितलं न्हाईस."

"शून्य पूर्णांक नऊ," मी म्हणाले.